मतदान झाले, साक्षीदार कोण?

मतदानाची वेळ संपली म्हणजे निवडणूक संपली असे सर्वसामान्य मतदाराला वाटते. वस्तुतः निवडणुकीतील अत्यंत मोलाचा कागद त्यानंतरच तयार होतो. सायंकाळी सहा वाजता केंद्राचे दार बंद होते, रांगेत उभ्या असलेल्या शेवटच्या मतदाराचे मत नोंदले जाते आणि मग मतदान केंद्राध्यक्ष ‘नमुना १७-सी’ भरावयास बसतो. यंत्राचा क्रमांक काय, केंद्राच्या यादीत मतदार किती, नोंदवहीत किती जणांची नोंद झाली आणि यंत्रात प्रत्यक्ष मते किती पडली, एवढाच हा हिशेब. हा केंद्राध्यक्ष बहुधा एखाद्या शाळेतील शिक्षक असतो, नाहीतर सरकारी कचेरीतील किंवा बँकेतील कर्मचारी. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन तो त्या गावी आलेला असतो. रात्र त्याने शाळेच्याच खोलीत काढलेली असते. थकल्या हाताने त्याने लिहिलेला तो आकडा हा निकालाचा पाया होय. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी जी बेरीज होते, ती असल्याच हजारो कागदांवर उभी राहते.

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी या कागदाचे महत्त्व ओळखले आहे. मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला या हिशेबाची साक्षांकित प्रत, पोच घेऊन, दिली पाहिजे असा नियम आहे. नियम चांगला आहे; परंतु ही प्रत मिळते ती उमेदवाराच्या माणसाला. ज्या उमेदवारापाशी प्रत्येक केंद्रावर बसविण्याइतकी माणसे नाहीत, त्याच्या हाती ती पडत नाही. आणि ज्याने मत दिले त्या नागरिकाला तर ती मागण्याचा हक्कच नाही. निवडणूक ही पक्षापक्षांतील शर्यत आहे, तेव्हा शर्यतीत उतरलेल्यांनीच एकमेकांवर नजर ठेवावी, अशी या व्यवस्थेमागील समजूत दिसते. निवडणुकीचा खरा धनी जो मतदार, त्याच्या वतीने कोणी तटस्थ साक्षीदार तेथे असावा की नाही, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर इतक्या निवडणुका होऊनही अनुत्तरितच आहे.

दाराच्या आत कोण?

मतदान केंद्रात कोणाला प्रवेश द्यावा याची यादी त्याच नियमांत आहे. मतदान अधिकारी, कामावरील सरकारी सेवक, उमेदवार व त्यांचे प्रतिनिधी, अंध किंवा अपंग मतदाराचा सोबती यांना आत जाता येते. मतदाराच्या कडेवरील मुलाचाही या यादीत स्वतंत्र उल्लेख आहे. कडेवरच्या मुलाची आठवण ठेवणाऱ्या या नियमांना पक्षनिरपेक्ष नागरिक-निरीक्षकाची मात्र आठवण झालेली नाही.

निरीक्षक हा शब्द आपल्याकडे नाही असे नव्हे. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-बी घालून निवडणूक आयोगाच्या निरीक्षकांना कायद्याचे अधिष्ठान देण्यात आले. केंद्रे बळकावण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडल्याचे दिसल्यास मतमोजणी थांबविण्याचा किंवा निकाल रोखून धरण्याचा आदेश हा निरीक्षक देऊ शकतो. अधिकार लहान नाही आणि या निरीक्षकांनी अनेक ठिकाणी चोख काम केले आहे, हेही मान्य केले पाहिजे. तथापि कायद्याच्या शब्दांतच हा निरीक्षक सरकारी अधिकारी असला पाहिजे असे म्हटले आहे. त्याचा अहवाल आयोगाकडे जातो, जनतेकडे नव्हे. ज्या यंत्रणेची परीक्षा व्हावयाची, त्याच यंत्रणेतील एकाला परीक्षक नेमणे ही अंतर्गत तपासणी झाली. कोणत्याही कचेरीत अंतर्गत तपासणी आवश्यकच असते. पण तिच्यामुळे बाहेरच्या हिशेबतपासनिसाची गरज संपते, असे कोणताही लेखापाल म्हणणार नाही.

गंमत अशी की बाहेरच्यांना पाहू देण्यास आयोगाची हरकत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत २३ देशांतील निवडणूक संस्थांचे पाहुणे आयोगाच्या निमंत्रणावरून आले. ज्या सहा राज्यांत त्यांना नेण्यात आले, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही राज्येही होती. पाहुण्यांनी व्यवस्था पाहिली, कौतुक केले आणि ते परतले. परदेशातील अधिकाऱ्याला मतदान केंद्र उघडे असते. परंतु त्याच गावातील निवृत्त मुख्याध्यापकाला मत देऊन झाल्यावर बाहेर पडावे लागते. आतिथ्य आणि निरीक्षण यांतील फरक यातून पुरेसा स्पष्ट होतो.

संशयाला उत्तर काय?

तटस्थ साक्षीदार नसल्याचा परिणाम काय होतो, हे महाराष्ट्राने २०२४ मध्येच पाहिले. २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. सायंकाळी पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता. अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. हा फरक कोठून आला, असा प्रश्न विचारला गेला. पाचचा आकडा तोंडी कळविलेला, अंदाजाचा असतो. पाचनंतर तासभर मतदान चालते आणि सहाला रांगेत असलेल्यांची मते त्यानंतरही नोंदली जातात. शिवाय प्रत्येक केंद्राचा हिशेब प्रतिनिधींना दिलेलाच असतो, असा खुलासा आयोगाने केला. खुलासा तर्काला धरून आहे. टक्केवारीतील वाढ हा काही गैरप्रकाराचा पुरावा होऊ शकत नाही. पण मग केंद्राकेंद्राचे १७-सी नमुने सर्वांसाठी खुले केले असते तर हा वाद काही दिवसांत निकाली निघाला नसता काय? ही मागणी त्याआधीच, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती. निवडणूक चालू असताना हस्तक्षेप करण्यास न्यायालयाने नकार दिला आणि असे नमुने सर्वांना देण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये तर नियम ९३ मध्ये दुरुस्ती होऊन केंद्रांवरील चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचे सार्वजनिक अवलोकन आणखी आकुंचित करण्यात आले.

याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी या लहानशा गावाचे नाव देशभर गाजले. यंत्रातून निघालेला आकडा गावातील काही लोकांना पटेना. त्यांनी ३ डिसेंबर रोजी स्वतःच कागदी मतपत्रिकांवर ‘फेरमतदान’ घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि बेत सोडून द्यावा लागला. असे खासगी मतदान कायद्यात बसत नाही, हे उघड आहे आणि त्यातून काही सिद्धही झाले नसते. परंतु संशय बाळगणाऱ्या नागरिकाला ‘तुमच्यासारख्याच अमुक चार तटस्थ माणसांनी सर्व पाहिले आहे, त्यांना विचारा’ असे सांगण्याची सोय त्या दिवशी कोणापाशीच नव्हती. ती सोय नसली की उत्तर द्यावयाचे काम पोलिसांकडे जाते. पोलिसांनी शांतता राखता येते, विश्वास निर्माण करता येत नाही.

मनिला, नैरोबी आणि लिलाँग्वे

नागरिकांनी निवडणुकीवर नजर ठेवण्याचा प्रयोग अन्यत्र झालेला आहे आणि त्यात यशाइतकेच अपयशाचेही धडे आहेत. फिलिपिन्समध्ये ७ फेब्रुवारी १९८६ रोजी फर्डिनंड मार्कोस आणि कोराझॉन अक्विनो यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ‘नॅमफ्रेल’ या नागरिक-संघटनेचे लाखो स्वयंसेवक मतदान केंद्रांवर उभे राहिले. त्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, जोगिणी आणि गृहिणी होत्या. केंद्रावरील निकालाचे आकडे गोळा करून ही संघटना आपली स्वतंत्र बेरीज जाहीर करू लागली. सरकारी निवडणूक आयोगाच्या बेरजेत मार्कोस पुढे होते; नागरिकांच्या बेरजेत अक्विनो. ९ फेब्रुवारीच्या रात्री खुद्द सरकारी मोजणी केंद्रातील अनेक संगणक कर्मचारी आपले काम टाकून बाहेर पडले, कारण आपण भरलेले आकडे आणि फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत असे त्यांना आढळले होते. २५ फेब्रुवारीस मार्कोस यांना देश सोडावा लागला. त्या उठावात इतर अनेक शक्तींचा हात होता. पण दुसरी बेरीज लोकांसमोर नसती तर पहिली खोटी आहे हे कोणत्या आधारावर म्हणता आले असते?

याच्या उलट अनुभव केनियाचा. ८ ऑगस्ट २०१७ च्या तेथील निवडणुकीला अनेक आंतरराष्ट्रीय निरीक्षक पथके हजर होती. त्यांत अनुभवी मुत्सद्दी होते, माजी राष्ट्रप्रमुख होते. मतदान शांततेने झाले, रांगा शिस्तीत होत्या, असे समाधान त्यांनी थोड्याच दिवसांत व्यक्त केले. १ सप्टेंबर रोजी केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली. दोष रांगेत नव्हताच. केंद्रांवरील निकालपत्रे वरपर्यंत पोहोचविण्याच्या आणि जुळविण्याच्या प्रक्रियेत होता. निरीक्षकांनी जे पाहिले ते खरे होते. जे पाहावयास हवे होते ते मात्र त्यांच्या परतीच्या विमानानंतर न्यायालयात उघड झाले.

मलावीची कहाणी तर कोणत्याही कारकुनाला ताबडतोब समजेल. तेथील मे २०१९ च्या निवडणुकीत आकड्यांच्या तक्त्यांवर सफेदा लावून खाडाखोड केल्याचे आढळले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी राजधानी लिलाँग्वे येथील न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि सत्तांतर घडले. लोकशाहीचा सौदा बंदुकीने होतो तसाच तो कचेरीतील सफेद्याच्या बाटलीनेही होऊ शकतो, हे मलावीने दाखविले. आणि मूळ कागद तपासावयास मिळाला तर न्यायालयाला तो सौदा मोडताही येतो, हेही.

या तिन्ही उदाहरणांचा इत्यर्थ एकच आहे. केवळ मतदानाची रांग पाहून परतणारे निरीक्षण हा एक समारंभ ठरतो. केंद्रावरच्या कागदापासून अंतिम बेरजेपर्यंत जे टिकते तेच खरे निरीक्षण होय.

तारकुंडे समितीचा विसर

हा विचार आपल्याकडे परक्या देशातून आयात करावा लागेल असे मात्र नाही. तो येथेच, अर्धशतकापूर्वी, मांडला गेला होता. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ या संघटनेतर्फे निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्षपद सासवडला जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्याकडे होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये समितीने अहवाल दिला. मतदानाचे वय १८ करावे, निवडणूक आयोग तीन सदस्यांचा असावा, त्यांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने व्हावी, अशा शिफारशी त्यात होत्या. आणि त्याबरोबरच जास्तीत जास्त मतदारसंघांत नागरिकांच्या मतदार समित्या स्थापन व्हाव्यात, त्यांनी निवडणूक निर्वेध पार पडण्यास हातभार लावावा, असेही समितीने सुचविले होते. सुधारणा सुचविणे आणि निवडणुकीवर नागरिकांची नजर असणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे समितीला पुरते उमगले होते.

अहवालानंतर चार महिन्यांत आणीबाणी आली. पुढचा इतिहास उद्बोधक आहे. मतदानाचे वय १८ होण्यास १९८९ साल उजाडले. आयोग त्याच वर्षी तीन सदस्यांचा झाला, १९९० च्या आरंभी पुन्हा एकसदस्य झाला आणि १९९३ पासून त्रिसदस्य राहिला. नेमणुकीच्या पद्धतीला तर ४८ वर्षे लागली. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत, नेमकी तारकुंडे समितीने सांगितलेली त्रिसदस्य निवड समिती अमलात आणण्याचा आदेश दिला. कायदा करण्याचा संसदेचा अधिकार निर्विवाद होता. तो तिने त्याच वर्षाच्या डिसेंबरात वापरला. मात्र समितीतून सरन्यायाधीश वगळले गेले आणि त्यांच्या जागी पंतप्रधानांनी सुचविलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांपैकी दोघे सरकार पक्षाचे झाल्यावर तिसऱ्याचे मत हे केवळ टिपणात नोंदविण्यापुरते उरते.

खर्चाची गोष्टही याहून वेगळी नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्या उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये दिला होता. तो निष्प्रभ करणारा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला २०२२ च्या सुधारित दराने ९५ लाखांची मर्यादा घालण्यात आली. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

नागरिकांच्या प्रयत्नांना फळ आल्याचेही उदाहरण आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने उमेदवारांची गुन्हेगारी पार्श्वभूमी आणि मालमत्ता जाहीर करण्याची मागणी न्यायालयात नेली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. संसदेने कायदा करून तिला मुरड घालण्याचा यत्न केला, तोही १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने अवैध ठरविला. आज उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात ते यामुळे. कोणत्याही सरकारने आपणहून दिलेली ही देणगी नव्हे.

आक्षेप आणि उपाय

नागरिक-निरीक्षणावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, निरीक्षक छुपे पक्ष-कार्यकर्ते असतील. भीती रास्त आहे. म्हणूनच २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील कार्यालयात मान्य झालेल्या निरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत निःपक्षपात, निधीच्या स्रोतांची जाहीर माहिती आणि मतदानात ढवळाढवळ न करण्याचे बंधन यांवर भर आहे. दुसरा आक्षेप, एकट्या महाराष्ट्रात लाखभर केंद्रे असताना इतकी माणसे आणावयाची कोठून? सर्व केंद्रांवर माणूस बसविण्याची आवश्यकताच नाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते. अट एवढीच की भात नीट ढवळलेला असावा, शिते वरच्यावर उचललेली नसावीत. सांख्यिकीच्या नियमाने, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही केंद्रांचे हिशेब अधिकृत आकड्यांशी ताडून पाहिले तरी मोठी गफलत लपत नाही. तिसरा आक्षेप, याने कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखविल्यासारखे होईल. खरे तर उलट आहे. निकालानंतर आरोपांची राळ उडते तेव्हा ज्या शिक्षकाने रात्रभर जागून चोख हिशेब लिहिला, त्याच्या बाजूने बोलणारा आज कोणीही नसतो. तटस्थ साक्षीदार हा प्रामाणिक केंद्राध्यक्षाचा पहिला आधार ठरेल.

यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. मतदान केंद्रात आणि मतमोजणीच्या जागीही ‘आयोगाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीं’ना प्रवेश देण्याची तरतूद नियमांत आहेच. पत्रकारांना ती लागू केली जाते. ठरावीक प्रशिक्षण घेतलेल्या, पक्षाशी संबंध नसल्याचे शपथेवर सांगणाऱ्या आणि आपल्या मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्या नागरिकांनाही ती लागू करता येईल. निवडक केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात तेव्हा त्यांची उपस्थिती विशेष मोलाची ठरेल. दुसरे, प्रत्येक केंद्राचा १७-सी नमुना निकालासोबत जसाच्या तसा प्रसिद्ध व्हावा. ज्याच्या प्रती प्रतिस्पर्धी उमेदवारांच्या माणसांना देऊन झाल्या आहेत, तो कागद गोपनीय कसा? तिसरे, निरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवला जावा आणि त्यातील प्रत्येक शिफारशीवर, स्वीकारली की नाकारली व का, याचे लेखी उत्तर ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन सरकारवर असावे. नकारालाही कारण द्यावे लागले तर शिफारशी फडताळात पडून राहणार नाहीत. तारकुंडे समितीच्या वाट्याला जी उपेक्षा आली, ती उत्तर देण्याची सक्तीच नसल्यामुळे आली.

पुढच्या निवडणुकीतही कोठल्यातरी शाळेच्या खोलीत, फळ्यावरचा सुविचार तसाच असताना, एक शिक्षक तो नमुना भरील, सही करील आणि लिफाफ्यात घालील. त्या आकड्याची एक प्रत गावाच्या वतीनेही कोणीतरी जपून ठेवावी, इतकीच ही मागणी आहे. ज्याने तो आकडा प्रामाणिकपणे लिहिला त्याला या मागणीचे भय वाटण्याचे काहीच कारण नाही.